जोडीला एक काडेपेटी

माझे वडील काशिनाथ साळवे गेले तेव्हा मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. त्यांच्या निधनाची बातमी मीच लिहिली. आतल्या पानावर, एका कॉलमात, फोटोशिवाय. ‘गणितज्ञ आणि संगणकशास्त्रज्ञ काशिनाथ साळवे यांचे मीरा रोड येथील राहत्या घरी प्रदीर्घ आजाराने निधन झाले,’ हे पहिलं वाक्य. पुढे संशोधन संस्थेतली नोकरी, अंकांमधल्या चुका ओळखण्याच्या पद्धतीवरचं काम, विद्यार्थी, पश्चात पत्नी, मुलगी, मुलगा. बातमी लिहिणारी आणि बातमीतली मुलगी एकच, हे डेस्कवर सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्य उपसंपादकांनी एक शब्दही न बदलता ती पुढे पाठवली. ‘प्रदीर्घ आजाराने’ हे दोन शब्द आमच्या धंद्यात फार सोयीचे. वाचणारा त्यांच्यावरून सहज पुढे सरकतो. त्या दोन शब्दांच्या आत काय होतं ते इथे लिहून ठेवते आहे, कारण ते माहीत असलेल्यांपैकी आता या घरात मी एकटी उरले आहे.

आम्ही परळच्या दोन खोल्या सोडून मीरा रोडच्या शांती नगरमध्ये राहायला आलो तेव्हा आमच्या सेक्टरमधल्या निम्म्या इमारतींना रंगही लागला नव्हता. घर दुसऱ्या मजल्यावर होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची आणि संध्याकाळी वारा आला की ओटा, गॅस, मिठाची बरणी, सगळ्याला ओलसर चिकटपणा यायचा. बाबा लातूरकडच्या एका खेड्यातले, आई महाडकडची. त्यामुळे घरात दोन प्रकारच्या भाकरी होत. बाबांची ज्वारीची आणि आईची तांदळाची. ज्वारीच्या भाकरीचा थपथप असा भरदार आवाज आणि तांदळाच्या भाकरीचा हलका आवाज, यावरून आत आज कोणाची पाळी आहे ते आम्हांला दारातच कळायचं. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली जायची, मिक्सरमध्ये नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा आईला हिंदीत विचारलं होतं, की भाभी, आपके यहाँ रोज क्या ठोकते हैं. आईने त्यांना वाटीभर चटणी नेऊन दिली. तक्रार पुन्हा आली नाही, वाटी मात्र दर आठवड्याला यायला लागली. सकाळी पाण्याचा पंप सुरू झाल्याचा घरघराट, मग बादल्यांचे आवाज, मग कुकर, आणि या सगळ्याच्या वर बाबांचा दाढी करतानाचा खणखणीत आवाज, मिलिंदला दुकानात काय काय आणायचं ते सांगणारा. मिलिंद माझा धाकटा भाऊ. मी सुजाता.

सामान आणण्याची आमच्या घरात एक रीत होती आणि ती दुसऱ्या कोणाच्या घरात असेल असं मला वाटत नाही. बाबा सामान तोंडी सांगायचे, लिहून द्यायचे नाहीत. सांगून झाल्यावर वस्तू मोजायचे. संख्या सम असली तर ठीक. विषम असली तर जोडीला एक काडेपेटी. म्हणजे कोणत्याही परिस्थितीत पिशवीत समसंख्येनेच वस्तू येणार. दुकानातून निघताना मिलिंदने मोजायचं, घरी आल्यावर बाबांनी मोजायचं. विषम भरली की काहीतरी राहिलं. काय राहिलं ते काडेपेटी सांगत नाही, फक्त राहिलं आहे एवढं सांगते. कोपऱ्यावरचे दुकानदार हसमुखभाई मिलिंदला लांबून येताना पाहूनच विचारायचे, “साळवेसाहेबका क्या है आज, माचिसवाला दिन या बिना माचिसवाला?” आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर काडेपेट्यांची चवड साठत गेली. आई म्हणायची, एक दिवस या इमारतीला आग लागली तर पोलीस आधी आपल्या दारात येतील.

मिलिंदने या पद्धतीतली फट लवकरच शोधून काढली. दोन वस्तू विसरल्या तर संख्या समच राहते. एका दुपारी त्याने मुद्दामच बटाटे आणि गूळ आणला नाही, कारण पिशवी जड झाली असती. बाबांनी मोजलं, मान डोलावली, आणि आईने गूळ मागितल्यावर प्रकार उघडकीस आला. आम्हांला वाटलं आता बोलणी बसणार. बाबांनी त्याला उचलून ओट्यावर बसवलं आणि रविवारी शिकायला आलेल्या मुलांसमोर त्याची हकिकत सांगितली, ती इतक्या कौतुकाने की मिलिंद पुढे कित्येक दिवस घरात तोऱ्यात वावरत होता. “चुका होणारच,” बाबा त्या मुलांना म्हणाले. “चूक झाली हे कळलं पाहिजे, एवढंच आपल्या हातात. आणि कळलं नाही तर आपली पद्धत कुठे तोकडी पडली ते तरी कळलं पाहिजे.” त्यानंतर घरात दुसरा नियम आला. महत्त्वाची कोणतीही गोष्ट दोनदा सांगायची आणि शंका असेल तर उलटी करून विचारायची. बटाटे आणलेस का, असं विचारून भागत नाही. बटाटे राहिले ना, असंही विचारायचं. दोन्हींना हो म्हणणारा ऐकत नसतो.

आईला यात नवीन काही नव्हतं. लग्नाआधीपासून ती टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायच्या टेबलावर होती आणि नंबर परत वाचून दाखवणं हीच तिची नोकरी होती. बाबा म्हणायचे की मला विषय सुचला तो हिच्या टेबलावरून. ते खरंही होतं. मराठीत पंचेचाळीस म्हणताना पाच आधी येतो आणि चाळीस नंतर, त्यामुळे ऐकून अंक टिपणाऱ्याचा हात आधी पाचावर जातो आणि पंचेचाळीसचे चोपन्न होतात. ही चूक इंग्रजी आकड्यांवर संशोधन करणाऱ्यांना फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. बाबांनी आपल्या कानांनी आणि आपल्या हातांनी होणाऱ्या चुका गोळा केल्या आणि नंबराच्या शेवटी एक जादा अंक लावण्याची अशी पद्धत काढली, की अशी अदलाबदल झाली तर तो शेवटचा अंक जुळत नाही आणि संगणक नंबर परत मागतो. काही कचेऱ्यांमध्ये त्याला साळवे अंक म्हणत. आता म्हणत नाहीत. त्या कचेऱ्यांमधली यंत्रं बदलली, पद्धती बदलल्या, बाहेरून आल्या. मागच्या वर्षी मी एका जुन्या कारकुनाला फोन करून विचारलं, त्याने बराच वेळ आठवून सांगितलं की हो, शेवटी एक अंक असायचा खरा, पण तो कशाला असतो ते आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं.

बाबांवर लोकांचा जीव होता, हे मी मुलगी म्हणून लिहीत नाही, पाहिलेलं लिहिते आहे. रविवारी सकाळी जिन्यात चपला मावायच्या नाहीत. सेक्टरमधली मुलं यायची, भाईंदरहून यायची, चेणे गावाच्या बाजूची दोन मुलं सायकलवरून यायची. फी नव्हती. आई सगळ्यांना पोहे द्यायची आणि बाबा प्रत्येकाला त्याच्या बशीतल्या शेंगदाण्यांवरून काहीतरी विचारायचे. त्यांच्या मोठ्या विद्यार्थ्यांपैकी घरात वावर असलेला एकच, डॉमनिक. तो उत्तनचा, कोळीवाड्यातला, घरी वडिलांची बोट. बाबांच्याच संस्थेत त्यांच्या हाताखाली काम करायचा. येताना कागदात गुंडाळलेले सुके बोंबील आणायचा आणि ते आईच्या हातात देताना दर वेळी म्हणायचा, काकू, वास येईल, आधीच सॉरी. आमच्याशी तो पुस्तकासारखी स्वच्छ मराठी बोलायचा. त्याच्या घरी बोलतात ती बोली आम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मिलिंद त्याला चिडवायचा, डॉमनिकदादा, तुमच्याकडे माशाला काय म्हणतात? तो म्हणायचा, मासाच म्हणतात, आणि तू खाल्लास की मिलिंद म्हणतात.

बाबा आणि डॉमनिक त्या काळात दुसऱ्या कामात होते. चूक झाली एवढं सांगणारा अंक त्यांनी दिला होता. आता त्यांना हवं होतं ते याच्या पुढचं. नंबर बिघडून आला तरी मूळ नंबर कोणता होता ते परत काढता यावं, आणि त्यासाठी जादा अंक कमीत कमी लागावेत. काडेपेटीने बटाटे राहिल्याचं सांगावं, असं मिलिंद म्हणायचा. बाबांना ही व्याख्या आवडली होती. काम अर्ध्यापर्यंत आलं होतं. उरलेल्या अर्ध्याचा रस्ता दिसतो आहे, असं बाबा जेवताना सांगायचे, आणि आई म्हणायची, दिसत असेल तर आधी हात धुऊन घ्या.

त्या सकाळी बाबा आरशासमोर उभे होते, अर्ध्या गालाला साबण. मिलिंद पिशवी घेऊन दारात. मी कॉलेजची तयारी करत होते. बाबांनी सांगितलं, साखर, रवा, तेल, मीठ, बेसन. आणि थांबले. मिलिंद वाट पाहत राहिला. त्याने पुटपुटत बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं आणि म्हणाला, “बाबा, काडेपेटी?” बाबा आरशात पाहत होते. त्याने परत विचारलं. मग तो पिशवी तिथेच ठेवून स्वयंपाकघरात गेला आणि आईला म्हणाला, “आई, बाबांनी विषम सांगितलं.” आईने गॅस बंद केला. दुसऱ्या कोणत्याही घरात या वाक्याला काही अर्थ नसता. आमच्या घरात आई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. तोवर बाबांच्या हातातला रेझर बेसिनमध्ये पडला होता आणि तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. पुढे डॉक्टर म्हणाले की तुम्ही फार लवकर आणलंत, त्यामुळे जीव वाचला. मिलिंदला हे सगळेजण सांगायचे, तुझ्यामुळे बाबा वाचले. तो आता पन्नाशीकडे आला आहे, नोकरीमुळे दक्षिणेत असतो. हे वाक्य त्याच्यासमोर अजूनही कोणी काढू नये अशी माझी विनंती असते.

अर्धांगवायू उजव्या बाजूला होता. वाचा पूर्ण गेली. डाव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. समजतं की नाही, या प्रश्नाला डॉक्टरांनी समजत असेलही, वेळ द्या, असं उत्तर दिलं आणि एक खूण ठरवून दिली. हो म्हणायचं असेल तर बोट उचलायचं, नाही म्हणायचं असेल तर उचलायचं नाही. बाबांनी अशी खूण कधी चालवून घेतली नसती. गप्प राहणं हे उत्तर धरू नये, कारण तार तुटली तरी गप्पच असते, हे त्यांनी रविवारच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण त्या वेळी तिथे वाद घालायला तेच नव्हते. आईने वाकून विचारलं, मी दिसते का तुम्हांला. बोट उचललं गेलं. खाली गेलं. आणि पुन्हा उचललं गेलं.

मिलिंदच्या ते आधी लक्षात आलं. “आई, दोनदा सांगतायत,” तो म्हणाला. पुढच्या प्रश्नालाही तेच. घरी जायचंय ना? दोनदा. मिलिंद ओळखू येतो ना? दोनदा. महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगायची हा बाबांचा नियम होता, आणि अंग निकामी झालेला माणूस एका बोटाने तो नियम पाळत होता. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या नातेवाइकांना त्यात फक्त बोटाची थरथर दिसली असती. आम्हांला बाबा दिसले. डॉमनिक संध्याकाळी आला, त्याने स्वतः विचारून पाहिलं, आणि बाहेरच्या जिन्यावर बसून तो रडला. सर आत आहेत, तो सांगत होता, सर आत आहेत, नुसतं उत्तर देत नाहीयेत, तपासायची सोय करून देतायत. मिलिंद आणि मी दोन दिवस चहावर होतो. त्या रात्री आईने आणलेला डबा आम्ही पुसून खाल्ला.

बाबांना घरी आणल्यावरचे ते महिने आमच्या घरातले वाईट महिने नव्हते, हे मी नमूद केलं पाहिजे. आईने मोठी रजा घेतली. बाबांची खाट हॉलमध्ये खिडकीशी लागली. भाकरी दुधात कुस्करून, मऊ भात, ताकाची कढी पातळ करून, असं आम्ही पाळीने भरवायचो आणि प्रत्येक घासाला विचारायचो. हसमुखभाई दुकानाच्या गल्ल्यावर मुलाला बसवून भेटायला आले आणि बाबांच्या खाटेजवळ दोन काडेपेट्या ठेवून गेले. “एक नहीं देता, हिसाब बिगड़ जाएगा,” ते आईला म्हणाले. चिकट झालेल्या उशा, औषधांचा वास, कापसाचे बोळे, आणि तरी संध्याकाळी मुलं पुन्हा यायला लागली होती. बाबांना उत्तरं विचारायची, बोट दोनदा उचललं की टाळ्या. आणि रविवारी डॉमनिक अर्धं राहिलेलं काम घेऊन बसायचा. तो एक पायरी वाचून दाखवायचा, सावकाश, आणि विचारायचा, सर, पुढे असं घेऊ? बोट वर, खाली, वर. तो लिहून घ्यायचा. मग पुढची पायरी. जिथे दोन रस्ते फुटायचे तिथे तो आधी स्वतःला बरा वाटणारा विचारायचा आणि त्यालाच हो यायचं. सरांचं आणि माझं डोकं आता एकच चालतं, तो आईला सांगायचा. काम झपाट्याने पुढे जात होतं. डॉमनिकने संस्थेत सांगून ठेवलं होतं की निबंधावर पहिलं नाव साळवे सरांचंच असेल, आणि त्यांच्या नावामागे कै. लागलेलं नसेल.

मी त्या दुपारी काही तपासायला बसले नव्हते. बाबांना भरवत होते, आई बँकेत गेली होती. आत कुकर लावलेला होता. शिट्टी झाली आणि बाबांचं बोट उचललं गेलं. खाली गेलं, पुन्हा उचललं गेलं. मी काहीच विचारलेलं नव्हतं. दुसऱ्या शिट्टीलाही तसंच झालं. मी वाटी खाली ठेवली. पाणी हवं का, विचारलं. बोट दोनदा. पाणी नको ना, विचारलं. दोनदा. मी सुजाता आहे ना? दोनदा. मग मी त्याच आवाजात विचारलं, मी मिलिंद आहे ना? बोट वर गेलं, खाली आलं, आणि वर गेलं. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं असं लोक विचारतात. डोळे उघडे होते, एवढंच मी खात्रीने सांगू शकते. मी उरलेला भात भरवला, तोंड पुसलं, आणि कुकर उतरवायला आत गेले.

आता इतक्या वर्षांनी माणसं मला सांगतात की मेंदूचं असं नसतं, काही कळत असेल, काही नसेल, इतका सरळ निकाल लावता येत नाही. खरं आहे. मीही निकाल लावला नव्हता. संख्या विषम आली होती. काहीतरी राहिलं आहे एवढं कळलं होतं. काय राहिलं, किती राहिलं, ते सांगणारी पद्धत अर्धीच झाली होती, आणि ती ज्याला पुरी करायची होती तो खाटेवर होता.

रविवारी डॉमनिक कागद पसरायच्या आत मी त्याला गॅलरीत नेऊन सांगितलं. तो हसला. मग रागावला. तू कॉमर्सची, तो म्हणाला, तुला प्रश्न विचारायचेच कळले नसतील. मी म्हटलं, तुम्ही विचारा. तो आत जाऊन खाटेशी खुर्ची ओढून बसला. मांडीवर कागद घेऊन तो मागे मागे उलटत गेला. मग मागच्या महिन्यातली एक पायरी काढली, जिच्यावर पुढचं सगळं उभं होतं, आणि अगदी हळू विचारलं, सर, ही पायरी बरोबर आहे ना? बोट दोनदा उचललं गेलं. त्याने कागदावरची नजर न काढता विचारलं, “सर, ही पायरी चूक आहे ना?” बोट दोनदा उचललं गेलं. मिलिंद जमिनीवर बसून गृहपाठ करत होता, तो उठून बाथरूममध्ये गेला आणि त्याने आतून नळ सोडला. डॉमनिकने कागद गोळा केले, कडा जुळवल्या, पिशवीत घातले. दारात चपला घालताना तो माझ्याकडे न पाहता बोलला, आणि पहिल्यांदाच त्याच्या घरच्या बोलीत बोलला.

“सर न्हाय इथं,” तो म्हणाला. “किती दीस न्हाय, ते बी म्हाईत न्हाय.”

आई स्वयंपाकघरात होती. ज्वारीचं पीठ मळत होती, बाबा ती भाकरी आता खाऊ शकत नव्हते तरी. तिला कसं सांगावं याची जुळवाजुळव मी दारात उभी राहून करत होते. तिने मान वर न करता विचारलं, “उलटं विचारलंत ना?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “मी दवाखान्यातच विचारलं होतं. तुम्ही खाली गेला होतात तेव्हा. घरी जायचंय का विचारलं, हो म्हणाले. इथेच राहायचंय का विचारलं, हो म्हणाले.” पीठ तिने परातीत एका बाजूला ओढलं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. आईचा आवाज टेबलावरचा होता, नंबर परत वाचून दाखवतानाचा.

“काय बोलू? तुम्ही दोघं जेवायला लागला होतात.”

त्यानंतर डॉमनिक रविवारी यायचा बंद झाला. कधी मधल्या वारी यायचा, बोंबील द्यायचा, खाटेजवळ उभा राहायचा. अर्धं काम जिथे बाबांनी सोडलं होतं तिथून त्याने पुन्हा सुरू करून पाहिलं, पण प्रत्येक वळणावर त्याला आपल्याला हवा असलेला रस्ता आणि बरोबर रस्ता यातला फरक कळेनासा झाला होता, असं त्याने मला पुढे सांगितलं. काही काळाने त्याने संस्था सोडली आणि कुठल्याशा कंपनीत हिशेबाची सॉफ्टवेअरं करायला लागला. ते कागद त्याने आम्हांला परत दिले नाहीत आणि आम्ही मागितले नाहीत. संध्याकाळची मुलंही ओसरली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. टाळ्या वाजवायला एखादं मोठं माणूस पुढाकार घेत नसलं की मुलांना खेळ कंटाळवाणा वाटतो.

परवा इथल्याच हाटकेश भागात एका भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देताना त्याच्या गाडीवरचा तो ठिपक्यांचा चौकोन पाहिला. पावसाने भिजलेला, एक कोपरा फाटून गेलेला. मी म्हटलं, हा चालणार नाही. तो म्हणाला, चलता है मॅडम, मारो. मारला आणि चालला. गेलेला भाग उरलेल्यावरून भरून काढता यावा म्हणून त्या ठिपक्यांत जादा माहिती आधीच घालून ठेवलेली असते. तो प्रश्न जगात दुसऱ्यांनी आपापल्या परीने सोडवला, त्यात बाबांचं काही नाही, कुठल्याही ठिपक्यात नाही. मी हे विचारून, वाचून खात्री करून घेतलेली आहे. वडिलांबद्दल लिहिताना मुली जे जोडतात ते मला जोडायचं नव्हतं.

आई पुन्हा नोकरीवर रुजू झाली, मी कॉलेज संपवून वर्तमानपत्रात लागले, मिलिंद शिकायला बाहेर गेला. बाबा खिडकीशी होते. शांती नगरच्या रंगहीन इमारतींना रंग आला आणि उतरला, मिठागरं दिसायची ती फट एका टॉवरने बुजवली. घरात एक बदल झाला होता, तो माझ्या फार उशिरा लक्षात आला. आई बाबांशी बोलायची, पूर्वीइतकंच, रोज. पण ती त्यांना आता फक्त असेच प्रश्न विचारायची ज्यांना हो हेच खरं उत्तर होतं. अहो, उजाडलं ना? अहो, हा मिलिंदचाच फोन होता ना? चहा देऊ ना? बोट दोनदा उचललं जायचं आणि त्या घरात खोटं असं काही बोललं जात नव्हतं. दुखतंय का, असं तिने त्या सगळ्या वर्षांत एकदाही विचारल्याचं मी ऐकलं नाही. दुकानात ती स्वतः जायची. फळीवरच्या काडेपेट्या हळूहळू वापरून संपल्या, शेवटच्या काही दमटून पेटत नव्हत्या. नवीन आणल्या गेल्या त्या लागतील तशा.

ज्या सकाळी बाबा गेले त्या सकाळी मी रात्रपाळी करून आले होते आणि आतल्या खोलीत झोपले होते. आई उठवायला आली. तिच्या हातात बाबांचा चहा होता, बशीने झाकलेला. ती घाईत नव्हती. मी बाहेर येऊन पाहिलं, हात लावला. बोट चादरीवर होतं, आडवं. दवाखान्यात ठरलेल्या खुणेप्रमाणे बोट न उचलणं म्हणजे नाही. इतक्या वर्षांत त्यांनी दिलेलं ते पहिलंच ‘नाही’ होतं आणि ते उत्तर होतं की तुटलेली तार, हे कळायची सोय त्या खुणेत नव्हती. मी आईला काय झालं ते विचारलं. तिने चहा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, बशी सरळ केली.

“चहा देऊ ना, विचारलं,” आई म्हणाली. “दोनदा विचारलं.”